गोल्फवाल्यांची निवळी

सर चालताना बोलत नसत आणि बोलताना चालत नसत. त्यामुळे त्यांच्याबरोबर गोल्फच्या मैदानाला एक फेरी मारायची म्हणजे अख्खी सकाळ गेली म्हणून समजायचं. अठरा होल, प्रत्येक होलवर सरांना सुचणाऱ्या दोन-तीन गोष्टी, आणि प्रत्येक गोष्टीला एक थांबा. मागून खेळत येणारी मंडळी खोळंबायची. कोणी लांबून ओरडलंच, "अहो काका, बाजूला व्हा, बॉल लागेल," तर सर वळून शांतपणे म्हणत, "मारा आपण. आपला नेम मी आठवडाभर पाहतोय."

मी त्यांच्यामागे बर्फाचा डबा, फाइल आणि हाताची पकड मोजायचं एक यंत्र घेऊन उभी असायचे. तेव्हाही दमायचे. आता चाळिशी ओलांडली, दमणं तेच आहे, फक्त आता ते एसीत होतं.

सर दुग्धशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कर्वेनगरला एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि रोज स्कूटरवरून अख्खं पुणं ओलांडून विश्रांतवाडीला यायचे. तिथे रस्त्याच्या आत एक गाळा घेऊन त्यांनी आमची ती कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे सर, मी आणि बाटल्या भरणाऱ्या दोन बायका. माझं घर गाळ्यापासून दहा मिनिटांवर. मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, पण लग्न, मुलगा, सासूबाईंचं आजारपण यांत आठ वर्षं घरी बसलेली. अशा बाईला दहा मिनिटांवर नोकरी मिळणं म्हणजे काय, ते ज्या बाईला मिळाली तिलाच विचारावं.

मुलाखतीत सरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "आपल्या घरी ताकाच्या निवळीचं काय करतात?"

ताक न हलवता ठेवलं की वर जे हिरवट पाणी येतं, ती निवळी. मी म्हटलं, "आई त्यात कणीक मळायची."

"उद्यापासून या," सर म्हणाले.

चक्का आणि पनीर करताना डेअऱ्या हेच पाणी मोरीत सोडून देतात, आणि त्यात उत्तम प्रोटीन असतं, हे सरांचं आयुष्यभराचं दुःख होतं. घरातलं कोणी गेल्यासारखं ते त्याबद्दल बोलत. निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, या पाण्याचंच एक पेय करायचं. पाण्यासारखं पातळ, पाण्यासारखं स्वच्छ, आलं-लिंबाच्या चवीचं. आणि ते पाजायचं कोणाला, तर गोल्फ खेळणाऱ्यांना.

गोल्फच का, असं जो तो विचारायचा. सरांनी हातात काठी धरलेली मी कधी पाहिली नाही. ते म्हणत, "धावणारा दमला की त्याला कळतं. तो बसतो, पितो, झोपतो. गोल्फवाला चार-साडेचार तास उन्हात चालतो आणि त्याला वाटतं, आपण नुसते उभे होतो. दमलाय, पण दमल्याचं कळलेलं नाही. हा माझा माणूस."

दुधाचे जाड शेक त्यांना चालत नसत. पोट जड झालं की वाकून बॉल ढकलताना त्रास होतो, म्हणून पेय हलकंच हवं, हा त्यांचा हट्ट होता. एकदा एक विक्रीवाला सूटबूट घालून गाळ्यावर आला आणि म्हणाला, "सर, चॉकलेट फ्लेवर करा, दाट करा, लोकांना प्रोटीन प्यायल्यासारखं वाटलं पाहिजे."

सर म्हणाले, "वाटण्याचं खातं शेजारच्या गाळ्यात आहे." शेजारचा गाळा फोटो स्टुडिओचा होता.

सगळ्यांना ते अहो-जाहो करायचे. बाटल्या भरणाऱ्या बायकांना अहो, गाळ्याच्या दारात झोपणाऱ्या कुत्रीला अहो. "अहो बाई, जरा सरकता का?" असं त्यांनी म्हटलं की कुत्री खरंच सरकायची. आम्हाला मात्र ते दुसऱ्यांदा काही सांगत नसत. एकदा सांगितलेलं झालं नाही, तर ते स्वतः उठून करायला लागत, आणि ते बघणं फार वाईट असायचं.

"दमले" हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. एकदा दुपारी मी सहज बोलून गेले. सरांनी लगेच चष्मा चढवला. "कुठे? खांद्यात, पोटऱ्यांत, की डोक्यात? केव्हापासून? आधी काय करत होतात?" मी म्हटलं, "सर, नुसतं म्हटलं." तर म्हणाले, "नुसतं कोणी म्हणत नाही. नवरा विचारत नाही म्हणून आपण मला सांगितलंत. मी विचारतोय तर नीट सांगा." घरी जाताना रडू आलं. खरंच कोणी विचारत नव्हतं.

आमचं पेय काही सरळ जमलं नाही. निवळी तापवली की गढूळ व्हायची. लिंबाचा आंबटपणा जरा कमी पडला की बाटलीत तळाशी पांढरा गाळ बसायचा. एकदा बाराच्या बारा पेट्या अशा निघाल्या. मी म्हटलं, हलवून प्यायचं असं लेबलवर छापू. सरांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "मॅडम, उद्या नवरदेवाचा एक डोळा तिरळा निघाला तर पत्रिकेत छापणार का, उजवीकडून पाहावे?" बाराही पेट्या मोरीत गेल्या. दोन्ही बायका आणि मी मोरीपाशी उभ्या राहून झाकणं उघडत होतो, आणि सर प्रत्येक बाटली ओतताना अशी मान वळवत होते की आम्हालाच त्यांचं वाईट वाटलं.

अखेर पेय जमलं. आता ते चालतं का, हे पाहायचं होतं. शहराबाहेर एका क्लबाचं गोल्फ मैदान होतं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिथल्या समितीने सरांना सांगितलं की सभासदांवर प्रयोग नकोत, आधी दुसऱ्या कोणावर करून आकडे आणा. आकडे पटले, तर पेय मैदानावर ठेवू आणि आणखी दोन क्लबांना सांगू. म्हणजे सगळं त्या आकड्यांवर होतं. ते पटले तर आमचा गाळा चालणार होता, नाहीतर सरांची निवळी पुन्हा मोरीत आणि मी पुन्हा घरी.

दुसरं कोण, तर कॅडी. खेळणाऱ्याची काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन अठराही होल त्याच्यामागे चालणारी माणसं. सरांना तर हे फारच पसंत पडलं. "सभासद आठवड्यातून दोनदा येतो, कॅडी रोज येतो. शिवाय ओझं याच्या खांद्यावर. याला उतार पडला तर सभासदाला अर्ध्या बाटलीत पडेल."

त्यासाठी त्यांनी एक अर्ज तयार केला, चौतीस प्रश्नांचा. त्यात तीन आठवडे गेले. रात्री किती तास झोपता, उशी आहे का, पायात बूट की चप्पल, बुटाचा नंबर, घर कितव्या मजल्यावर, पंखा आहे का, पाठ कधी धरली होती का. मी एकेकाला विचारून ते भरून घेतले. त्यांतले एक मामा होते, पन्नाशीच्या पुढचे, आळंदी रस्त्याच्या बाजूला आमच्याच भागात राहणारे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून ते हळूच "जय भीम, ताई" म्हणाले आणि मीही जय भीम म्हटलं, तेव्हापासून माझा बर्फाचा डबा मला उचलावा लागला नाही. उशीच्या प्रश्नाला ते फार हसले होते. "उशी हाय की. पन ती आमच्या मंडळीच्या डोक्याखाली असती."

प्रयोग असा. निम्म्या कॅडींना चौदाव्या होलवर आमची बाटली, निम्म्यांना तशाच बाटलीत नुसतं लिंबूपाणी. कोणाला काय दिलं, ते त्यांना माहीत नाही. मग अठराव्या होलवर पकड मोजायची. आणि सरांची स्वतःची एक कसोटी होती, ती यंत्राहून पक्की. ते लांबून बघत राहत. "बॅग ठेवली का टाकली, ते लिहा, मॅडम. ताजा माणूस ठेवतो, दमलेला टाकतो."

पाच महिने आम्ही हे केलं. आकडे इतके छान आले की मला भीती वाटायला लागली. लिंबूपाण्याची मंडळी बॅगा टाकत होती. आमच्या बाटलीची मंडळी अठराव्या होलवर बॅग अलगद ठेवून वर गप्पा मारत होती. सर खूश झाले की कोणाला सांगत नसत, फक्त त्या दिवशी स्कूटर पुसायचे. त्या महिन्यांत त्यांची स्कूटर नव्यासारखी दिसायची.

समितीच्या बैठकीला आठ दिवस होते. आदल्या दिवशी माझ्या मुलाचा वाढदिवस झाला होता, म्हणून मी मामांसाठी पुऱ्या आणि शिरा घेऊन गेले. सकाळी सहाला, खेळ सुरू व्हायच्या आधी, ते झाडाखाली बसून सगळं खाऊन डबा धुऊन घेऊन आले. चौदाव्या होलवर मी बाटली पुढे केली तर म्हणाले, "आज नगं ताई. पोट भरल्यालं हाय."

बाटली न घेता मामा अठराव्या होलला आले, बॅग अलगद ठेवली आणि यंत्र दाबलं. पकड रोज आमची बाटली प्यायल्यावर असायची तेवढीच होती.

मी यंत्राकडे बघत उभी राहिले. मग विचारलं, "मामा, रोज सकाळी काय खाऊन येता?"

"च्या."

"आणि?"

"आनि काय? पाचला घर सोडतो. त्या वक्ताला कोन करतंय? कवा खारी आसली तर खारी."

मी आणखी चौघांना विचारलं. चहा. चहा. चहा आणि तंबाखू. चहा.

चौतीस प्रश्न होते, आणि सकाळी काय खाल्लं हा त्यात नव्हता. सरांना तो सुचलाच नव्हता. त्यांच्या घरी साडेसातला पोहे, उपमा, थालीपीठ यांपैकी काहीतरी पुढ्यात येतं, चाळीस वर्षं येतंय. माणूस घरातून न खाता निघतो, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. पण माझ्या यायला हवं होतं. माझे वडील खडकीला कारखान्यात होते आणि पहाटे नुसता चहा पिऊन जायचे. मी ते रोज पाहिलंय. तरी पाच महिने मी त्या माणसांच्या बुटांचे नंबर लिहीत बसले.

म्हणजे आम्ही जे मोजलं तो थकवा नव्हताच. भूक होती. उपाशी माणसाला प्रोटीन दिलं, त्याला बरं वाटलं. लिंबूपाणी दिलं, नाही वाटलं. जो सभासद आमलेट-टोस्ट खाऊन खेळायला येतो त्याला आमच्या बाटलीने काही होईल की नाही, हे आम्हाला अजिबात माहीत नव्हतं.

गाळ्यावर परत आले तर सर स्कूटर पुसत होते.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठही दिवस नाही. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं. मग सर तक्ते घेऊन यायचे, "मॅडम, ही रेघ हिरवी करू का निळी?" आणि मी म्हणायचे, हिरवी. मला नोकरी हवी होती. दहा मिनिटांवरची, चार वाजता मुलगा शाळेतून यायच्या आत घरी पोहोचवणारी ती नोकरी. दुसरं काही कारण नव्हतं, असेल तर ते मी नंतर जोडलं.

बैठक क्लबाच्या हॉलमध्ये झाली. लांब टेबल, आठ-दहा सभासद, भिंतीवर सरांचे तक्ते. साक्षीला म्हणून सरांनी मामांना आणलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभे होते. सर चांगले बोलले. एकजण म्हणालासुद्धा, "डॉक्टरसाहेब, व्हेरी इम्प्रेसिव्ह. पुढच्या महिन्यापासून ठेवूया की." सर्वांनी माना डोलावल्या. मी श्वास सोडला. आणि टोकाला बसलेले एक म्हातारे सभासद, सैन्यातून निवृत्त झालेले, म्हणाले, "एकच विचारतो. या लोकांनी सकाळी खाल्लेलं काय होतं?"

"सगळे खातात ते," सर म्हणाले.

"म्हणजे काय?"

सर मग मामांकडे वळले. "अहो मामा, आपण सकाळी काय घेऊन येता?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली.

"च्या, सर."

"चहाबरोबर?"

"च्याच."

"रोज?"

"रोजच की."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. सर हसले नाहीत. ते तक्त्यांकडे गेले आणि पहिल्या तक्त्यापुढे बराच वेळ उभे राहिले, शाळेत उत्तर चुकलेलं पोरगं फळ्यापुढे राहतं तसे. मग त्यांनी तक्ते एकेक करून उतरवले आणि गुंडाळी केली.

"माझा प्रयोग चुकला आहे," ते म्हणाले. "या बाटलीने खेळाडूचा थकवा जातो, असं मला म्हणता येणार नाही. उपाशी माणसाला काही दिलं की त्याला बरं वाटतं, एवढंच मी पाच महिन्यांत शोधून काढलंय."

"अहो, असू दे हो," मघाशी ठेवूया म्हणणारा सभासद म्हणाला. "चव चांगली आहे. लोक पितील. लेबल कोण वाचतो?"

"मी वाचतो," सर म्हणाले. "सरबत म्हणून घेणार असाल तर उद्या पाठवतो. थकवा उतरवणारं म्हणून नाही."

सरबत समितीला नको होतं. सरबत त्यांच्याकडे होतं.

मग सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "कॅडींना सकाळी सहाला नाश्ता द्या. त्याने काम किती सुधारतं याचा पाच महिन्यांचा अहवाल माझ्याकडे तयार आहे, फुकट देतो." आणि दुसरी, "यात मॅडमचा काही दोष नाही. मी जे मोजायला सांगितलं, ते त्यांनी चोख मोजलं." ती मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू आली.

नाश्त्याचा ठराव समितीने केला. दोन महिने केळी आली, मग यायची बंद झाली. आमचा गाळा त्याआधीच बंद झाला. उरलेल्या पेट्या सरांनी मैदानावर नेऊन दिल्या, आणि कॅडींना सांगितलं की चौदाव्या होलची वाट बघू नका, आल्या आल्या प्या.

गाळ्याची किल्ली मालकाला दिली त्या दिवशी सरांनी मला एक पत्र दिलं. मी न मागता. स्वतःच्या अक्षरात, शाईच्या पेनने, मराठीत. "या माझ्याकडे दोन वर्षे होत्या. हाताने स्वच्छ आहेत. कंटाळल्या तरी काम अर्धवट टाकत नाहीत. चूक दिसली की त्या सांगतात. त्यांनी मोजलेल्या आकड्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन." खाली सही.

ते पत्र मी घेतलं, पिशवीत ठेवलं आणि त्यांना वाकून नमस्कार केला.

त्या पत्रावर मला हिंजवडीची नोकरी लागली. मोठी कंपनी, काचेची इमारत, तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा. इथे आम्ही दिवसभर खुर्चीत बसून दमणाऱ्यांसाठी चॉकलेटचं दाट प्रोटीन करतो. विश्रांतवाडीहून कंपनीच्या बसने जायला दोन तास, यायला अडीच. मुलाखत घेणाऱ्याला मराठी येत नव्हतं म्हणून त्याने पत्राचं इंग्रजी मागितलं, आणि ते भाषांतर मीच करून दिलं. चूक दिसली की त्या सांगतात, हे वाक्य मी माझ्या हाताने इंग्रजीत लिहिलं. ते पत्र फाइलला लागलं आणि माझं तिथे एक नाव झालं. कुठल्या अहवालावर शंका आली की साहेब म्हणतात, "मॅडमनी सही केलीय ना? मग प्रश्नच मिटला." चार वर्षं मी हे ऐकत आले. बसमध्ये बसल्यावर झोपही लागायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात आळंदी रस्त्यावर भाजी घेताना मामा भेटले. पाठीने वाकले होते, बॅग उचलायची सोडली म्हणाले. सरांची चौकशी झाली, माझ्या मुलाची झाली. निघताना ते जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "ताई, तुमी च्याचं आदी इचारलं व्हतं, ते म्या सरास्नी कवाच बोललो न्हाय हां. काळजी करू नगा."

माणसाने केवढं सांभाळलं होतं माझ्यासाठी. मला इतकी लाज वाटली की मी भाजी तशीच सोडून घरी आले.

पुढच्या रविवारी कर्वेनगरला गेले. सर दार उघडून म्हणाले, "या. आपल्याला बसने दोन तास लागतात म्हणे." कोणाकडून तरी ऐकलं असावं. ते फार वाळले होते. काकूंनी पोहे आणले. मी ताटलीला हात न लावता सगळं सांगितलं. पुऱ्या, शिरा, मामांची पकड, सगळं.

सर खिडकीकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "किती दिवस आधी?"

"आठ."

"आठ दिवस. का नाही बोललात?"

"नोकरी जाईल म्हणून. आणि सर, तुम्ही इतके खूश होतात, की..."

"पहिलं कारण पुरे आहे," सर म्हणाले. "दुसरं माझ्यावर ढकलू नका."

काकू पदराशी चाळा करत आत निघून गेल्या.

"मी दिलेलं पत्र कुठंय?"

"कंपनीच्या फाइलला आहे."

"घेऊन या. पुढच्या रविवारी. पोहे खा."

आठवडाभर मला वाटत होतं, सर ते फाडणार. फाडलं तर फाडू देत, असंही वाटत होतं. एचआरमधल्या मुलीने दोन दिवस शोधून मूळ कागद काढून दिला. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले.

सरांनी पत्र टेबलावर पसरलं, चष्मा चढवला आणि पूर्ण वाचलं, दुसऱ्याने लिहिलेलं असल्यासारखं. मग शाईचं पेन काढलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्यांनी एका वाक्यावर खूण केली आणि वर बारीक अक्षरात तीन शब्द घातले. "चूक दिसली की त्या, उशिरा का होईना, सांगतात." पुढच्या वाक्यातले "डोळे मिटून" हे दोन शब्द त्यांनी खोडले. खोडताना रेघ सरळ यावी म्हणून पट्टी मागवली. राहिलं, "त्यांनी मोजलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवीन." दोन्ही ठिकाणी बाजूला सही केली, तारीख घातली.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसले. "फाइलला लावून टाका."

सरांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ते उठले आणि आत जाऊन काकूंना म्हणाले, "अहो, मॅडम निघाल्यात, चहा आधी टाका."

सोमवारी मी पत्र परत नेऊन दिलं. एचआरच्या मुलीला मराठी येत होतं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे असं लावू? यात तुमचंच नुकसान आहे."

"लावा," मी म्हटलं.